क्षमा आणि खातेवाटप

भारतीय युद्ध संपून युधिष्ठिराने हस्तिनापुराचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्याने प्रथम प्रजेला काय सांगितले, याकडे आपले कथेकरी सहसा लक्ष देत नाहीत. धृतराष्ट्र हाच आपणा सर्वांचा स्वामी, असे त्याने बजावले आणि मग भीमाला यौवराज्य, विदुराला मसलत, संजयाला जमाखर्चाचे दप्तर, अशी वाटणी केली. ज्याच्या डोळ्यांदेखत म्हणता येत नाही, परंतु ज्याच्या कानांदेखत द्रौपदीची विटंबना झाली, तो वृद्ध राजा त्यानंतर पंधरा वर्षे त्याच राजवाड्यात मानाने राहिला. याला क्षमा म्हणावे काय? हा प्रश्न मला दक्षिण आफ्रिकेच्या १९९४ सालच्या मंत्रिमंडळाचा विचार करताना पुनःपुन्हा आठवतो.

त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तेथील कृष्णवर्णीय प्रजेने आयुष्यात प्रथमच देशाच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले, आणि १० मे रोजी नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला चारशेंपैकी २५२ जागा मिळाल्या होत्या. नुसत्या संख्याबळाचा हिशेब केला, तर कोणाची मनधरणी करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या अंतरिम राज्यघटनेखाली ही निवडणूक झाली, तिनेच असे ठरविले होते की वीस जागा मिळविणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात प्रमाणशीर वाटा आणि ऐंशी मिळविणाऱ्याला उपाध्यक्ष नेमण्याचा अधिकार असावा. त्यामुळे वर्णभेदाचे राज्य १९४८ पासून चालविणाऱ्या नॅशनल पक्षाचे डी क्लर्क हे ८२ जागांच्या बळावर उपाध्यक्ष झाले. सत्तावीस मंत्र्यांत त्यांचे सहा आणि इन्काथा पक्षाचे तीन आले. इन्काथाची कथा तर अधिकच विलक्षण आहे. त्याच्या आणि काँग्रेसच्या अनुयायांमधील रक्तपातात हजारो माणसे मेली होती, आणि निवडणुकीत उतरण्याचा निर्णय त्याने इतक्या उशिरा घेतला की छापून तयार असलेल्या मतपत्रिकांच्या तळाशी त्याच्या नावाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. त्याचे पुढारी बुथेलेझी गृहखात्याचे मंत्री झाले, आणि पुढे मंडेला परदेशी असताना राष्ट्राध्यक्षपदाची जबाबदारीही त्यांनी अनेकदा सांभाळली.

परंतु या मंत्रिमंडळातील दोन माणसांपाशी मन अधिक रेंगाळते. पहिले जो स्लोवो. जुन्या राजवटीशी ठराविक मुदतीपुरते सत्तेचे भागीदार व्हावे आणि तिच्या नोकरवर्गाची नोकरी व निवृत्तिवेतन सुरक्षित ठेवावे, ही १९९२ सालची सूचना या कट्टर साम्यवाद्याची. आणि त्याच राजवटीच्या गुप्त पोलिसांनी पाठविलेल्या बाँबने त्यांची पत्नी रूथ फर्स्ट १९८२ साली मापुटो येथे मारली गेली होती. ते गृहनिर्माणमंत्री झाले आणि जानेवारी १९९५ मध्ये कर्करोगाने वारले. दुसरे दुल्ला ओमर. त्यांच्या हृदयविकाराच्या गोळ्यांच्या जागी विष ठेवण्याचा बेत जुन्या सरकारच्या हस्तकांनी केला होता. त्यांनाच न्यायखाते मिळाले, आणि सत्य व सलोखा आयोगाचा कायदा त्यांनीच संसदेपुढे आणला.

या दोघांनी क्षमा केली होती, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद-बळीचा संवाद ऐकविते. त्यात सदा तेज दाखविणारा आणि सदा क्षमा करणारा, दोघेही सारखेच चुकतात असा अभिप्राय आहे. शिवाय क्षमा ही ज्याची त्याची असते. रूथ फर्स्टची क्षमा स्लोवोला करता येत नाही, मग मंत्रिमंडळाच्या ठरावाने ती कोठून होणार? एका मेजाभोवती बसणे म्हणजे उद्याच्या कारभाराचे दायित्व समाईक घेणे. कालचे दायित्व ज्याचे त्याच्याकडेच राहते. माझ्या मते त्या मंत्रिमंडळातील खरा पेच हाच होता, आणि तो जानेवारी १९९५ मध्ये उघडा पडला. निवडणुकीच्या तोंडावर जुन्या सरकारने सुमारे साडेतीन हजार पोलिसांना गुपचूप अभय देण्याची तजवीज केली होती, असे बाहेर आले. मंत्रिमंडळाने ते अभय अवैध ठरविले, आणि मंडेलांनी भर बैठकीत डी क्लर्क यांना असे सुनावले की तेव्हाच ही युती मोडते की काय असे वाटू लागले.

आपल्या कथेत कालचा हिशेब मागण्याचे हे काम भीमाकडे आले आहे. धृतराष्ट्राने मृत पुत्रांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागितले, तेव्हा राजकोशातून ते देण्यास भीमाने साफ नकार दिला. युधिष्ठिर म्हणाला, माझ्या खासगी धनातून घ्या. भीम उद्धट खरा, पण त्याचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही, कारण उदारपणाचा खर्च कोणाच्या खजिन्यातून व्हावा, हेच तो विचारीत होता. स्लोवोंच्या तडजोडीने गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने सरकारी खजिन्यातून चालू राहिली, आणि तो खजिना ज्यांच्या डोक्यावर घराचे छप्पर नव्हते अशा रयतेचाही होता.

पुढे धृतराष्ट्र वनात गेला. जाण्यापूर्वी त्याने नगरवासीयांना एकत्र बोलावून आपल्या व पुत्रांच्या अपराधांबद्दल क्षमा मागितली, आणि उत्तर युधिष्ठिराने दिले नाही. सांब नावाच्या ब्राह्मणाने ते प्रजेच्या वतीने दिले. व्यासांची ही योजना मला फार मार्मिक वाटते. तिकडे दक्षिण आफ्रिकेत नवी राज्यघटना ८ मे १९९६ रोजी संमत होताच डी क्लर्क यांनी मंत्रिमंडळ सोडण्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये ते डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील त्याच सत्य व सलोखा आयोगापुढे उभे राहिले. वर्णभेदाने झालेल्या दुःखाबद्दल त्यांनी माफी मागितली, परंतु खून आणि छळ यांना आपल्या सरकारची अनुज्ञा होती हे मानले नाही. धोरण आपले, हत्या मात्र हस्तकांच्या, अशी ही विभागणी होती. आयोगाने त्यांच्याविषयी काढलेला निष्कर्ष छापला जाऊ नये म्हणून ते न्यायालयात गेले, आणि २९ ऑक्टोबर १९९८ रोजी अहवाल मंडेलांच्या हाती आला, तेव्हा त्यातील तेवढा मजकूर काळ्या शाईने झाकलेला होता.