दुसऱ्याच्या डोळ्यांची साक्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा रविवारच्या मिस्साला बाकाखाली शिरून बसे, दोन्ही हातांनी डोळे झाकून घेई आणि आईने वर ओढले की किंचाळे. एका रविवारी मिस्सानंतर आम्ही त्या माउलीला बाजूला बोलावले आणि मुलाला शिस्त लावायला हवी, असे सौम्य शब्दांत का होईना, पण सुनावलेच. ती म्हणाली, "फादर, वरची ट्यूबलाइट त्याला सहन होत नाही. ती सारखी थरथरते म्हणतो." आम्ही मान वर करून पाहिले. ट्यूबलाइट शांतपणे जळत होती. "तसं काही नाहीये हो," असे म्हणून आम्ही आत निघून गेलो.

पुढे वाचनात आले ते असे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. बहुतेकांच्या डोळ्यांना तो एकसंध भासतो. परंतु स्वमग्नता असलेल्या काहींना ती थरथर जाणवते, असे टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न असलेल्या अमेरिकन विदुषीने लिहून ठेवले आहे. म्हणजे दिवा खरोखरच थरथरत होता. आम्ही मात्र आमच्या डोळ्यांची मर्यादा हाच जगाचा नियम समजून एका आईला निकाल सुनावला होता.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वचिंतकाने १६९० च्या सुमारास एक कोडे मांडले होते. एका माणसाला जांभळ्या व्हायोलेट फुलातून जो रंगानुभव येतो, तोच दुसऱ्याला झेंडूतून येत असेल तर? दोघेही फुलांना नावे तीच देतील. व्यवहारात फरक कधी उघडकीस येणार नाही. सेमिनरीत असताना आम्ही हे कोडे बौद्धिक करमणूक म्हणून चघळले. येथे मात्र अनुभवातला फरक दडून राहिला नव्हता. तो मुलाला बाकाखाली ढकलत होता, आणि तरी आम्हांस दिसला नाही.

या विषयात संशोधकांनी काय पाहिले, हेही सांगितले पाहिजे. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ साली दाखवून दिले, की मोठ्या चित्रात दडलेली लहान आकृती स्वमग्न मुले इतरांपेक्षा चांगली शोधतात. तपशील आधी, एकूण चित्र मागाहून, असा त्यांच्या दृष्टीचा कल असावा. रंगांच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. अॅना फ्रँकलिन व सहकाऱ्यांना २००८ साली अशा मुलांची रंगभेद ओळखण्याची अचूकता सरासरीने थोडी कमी आढळली. २०१६ साली मरीन ग्रँजॉर्ज आणि नोबुओ मासाताका यांनी २९ स्वमग्न मुलगे व ३८ इतर मुलगे यांची आवड तपासली. स्वमग्न मुलांना पिवळा कमी भावला. हिरवा आणि तपकिरी अधिक. पिवळा अतिशय तेजस्वी म्हणून त्रासदायक ठरत असावा, हा संशोधकांचा तर्क. अभ्यास लहान आहेत. त्यावरून एखाद्या मुलाच्या खोलीला कोणता रंग द्यावा, हे ठरवू नये. ते त्या मुलालाच विचारावे.

'स्वमग्न' हा शब्दही आम्हांस अलीकडे खटकू लागला आहे. शब्दानेच आपण ठरवून टाकतो, की हे मूल स्वतःत बुडालेले आहे. बाकाखालचा तो मुलगा स्वतःत बुडालेला नव्हता. बाहेरचे जग त्याच्यावर फार जोराने आदळत होते.

जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? विसाव्या शतकातले विद्वानही त्याच वाटेने गेले. मुलाच्या स्वमग्नतेचे खापर आईच्या थंडपणावर फोडणारे मत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथरूपाने मांडले आणि अनेक मातांनी तो कलंक वर्षानुवर्षे वाहिला. ते मत आज त्याज्य ठरले आहे. पण आम्ही त्या रविवारी दुसरे काय केले होते?

परकी वेदना आपल्याला दिसत नसताना ती खरी कशावरून मानावी, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर आमच्याच सेवेतून येते. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी माणूस आपल्या अंतरंगाविषयी जे सांगतो, ते आम्ही पुराव्याविना खरे मानतो. प्रौढाच्या शब्दावर एवढा विश्वास ठेवणारे आम्ही, मुलाच्या डोळ्यांची साक्ष मात्र फेटाळली. ते मूल होते आणि चमत्कारिक वागत होते, एवढ्याच कारणाने.

स्टीफन विल्टशायर हा लंडनचा चित्रकार एकदा पाहिलेले शहर स्मरणातून रेखाटतो. त्याचे उदाहरण देऊन अशा पालकांना धीर देण्याची रीत आहे. आम्ही ती सोडली. सर्वांच्या अंगी अशी कला नसते, आणि असायला हवी, हा आग्रहही अन्यायच.

पुढल्या महिन्यात आम्ही डावीकडच्या शेवटच्या तीन बाकांवरचे दिवे मिस्साच्या वेळी बंद ठेवू लागलो. मुलगा बाकावर बसू लागला. डोळ्यांवरचा एक हात तेवढा राहिला. दुसऱ्याच रविवारी मोतीबिंदू झालेले एक आजोबा आमच्याकडे आले. चाळीस वर्षे ते त्याच बाकावर बसत आले होते आणि आता त्यांना गायनाचे पुस्तक वाचता येत नव्हते. "फादर, माझ्या डोळ्यांचं काय?" त्यांनी विचारले. त्यांना पुढे बसण्याची विनंती करण्यापलीकडे आम्हांस काही सुचले नाही. ते पुढे बसले, पण त्यांच्या पत्नीची जागा त्या मागच्या बाकावर होती, आणि ती आता हयात नव्हती.