दोन हात आणि एक दट्ट्या

गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक डॉक्टर आले होते. एखाद्याची हृदयक्रिया एकाएकी बंद पडली, तर रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या माणसांनी काय करावे, हे ते मुलांना शिकवीत होते. जमिनीवर रबराचा एक पुतळा निजवला होता. त्याच्या छातीच्या मधोमध तळहात रोवायचा, कोपर वाकू द्यायचे नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचे. मास्तर म्हणून पहिला मान माझा. दुसरे मिनिट सरण्यापूर्वीच माझी कंबर बोलू लागली आणि मुले हसू लागली. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असा नियमच आहे, असे सांगून डॉक्टरांनी माझी अब्रू राखली. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, छाती दाबायचे यंत्र असते म्हणतात. मग माणसाला दमवायचे कशाला?"

प्रश्न शहाणपणाचा होता. यंत्र आहे. स्वीडनमधल्या लुंड गावाशी नाते सांगणारे 'लुकास' हे त्यांतलेच एक. रोग्याच्या पाठीखाली फळी, छातीवरून कमान आणि कमानीतून खालीवर होणारा दट्ट्या. ते दमत नाही, घाबरत नाही, रडणाऱ्या बायकोकडे पाहून त्याचा ठेका चुकत नाही. हाताने छाती दाबण्याची रीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवेन, जूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली जगापुढे मांडली. तिची सारी थोरवी अशी की तिला हातांवाचून काही लागत नाही. पण हात दमतात. तेव्हा न दमणारा हात मिळाला तर तो ताबडतोब घ्यावा, नाही का? मलाही तसेच वाटले होते.

इंग्लंडातील तीन आणि वेल्समधील एक अशा चार रुग्णवाहिका सेवांनी २०१० ते २०१३ या काळात याचा कस लावून पाहिला. आपल्याकडे २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या गाडीवर डॉक्टर असतो. तिकडे बहुधा पॅरामेडिक म्हणजे या कामासाठी तयार केलेले सेवकच येतात. त्यांच्या काही गाड्यांना यंत्र दिले, काहींना दिले नाही, आणि कोणत्या गाडीला द्यायचे हे चक्क सोडतीने ठरवले. ४४७१ रोग्यांची नोंद झाली. निकाल २०१५ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात आला. यंत्राच्या गाडीच्या वाट्याला आलेल्या १६५२ जणांपैकी तीस दिवसांनी १०४ जिवंत होते. नुसत्या हातांच्या गाड्यांच्या २८१९ पैकी १९३. म्हणजे शेकडा सहा आणि शेकडा सात. मेंदू शाबूत राहून जगलेल्यांचे प्रमाण यंत्राच्या बाजूला किंचित कमीच भरले. यंत्राच्या गटातल्या शंभरातल्या साठांनाच ते प्रत्यक्ष लावले गेले होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. कुठे सेवकाला ते शिकवलेलेच नव्हते, कुठे ते लावणे जमले नाही. शिवाय यंत्र चढवायचे म्हणजे चालते हात थांबवावे लागतात, आणि त्या घटकेत रक्तही थांबते.

हे वाचून माझी झोप उडाली ती आकड्यांनी नव्हे; सोडतीने. रस्त्यात पडलेला माणूस बेशुद्ध. त्याला कोणी विचारलेले नाही. नीतिसमितीची संमती होती हे खरे, आणि जगलेल्यांची पुढे गाठ घेऊन त्यांना विचारलेही गेले. पण जे जगलेच नाहीत त्यांना कोण विचारणार? कोणती गाडी आली एवढ्यावर त्यांचा उपचार ठरला. ज्याच्या हाती अधिक चांगले साधन आहे त्याने ते चिठ्ठी टाकून वाटावे, याहून निर्दय गोष्ट कोणती?

परंतु 'अधिक चांगले' हे कोणी ठरवले होते? तुम्ही, मी आणि नववीतल्या त्या मुलाने. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी १९६५ च्या सुमारास हृदयाला विजेचा झटका देणारे सुमारे सत्तर किलोचे धूड मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून रोग्याच्या दारात नेले, तेव्हा त्यांनी सोडत काढली नव्हती. थरथरणारे हृदय झटक्यासरशी ठेक्यात येताना डोळ्यांना दिसत होते. दट्ट्याचे तसे नाही. तो हलताना दिसतो, आणि हलताना दिसला की काम चालले आहे असे आपल्याला वाटते. शंभरातले त्र्याण्णव-चौऱ्याण्णव दोन्हीकडे जातातच. अशा ठिकाणी एका सेवकाच्या आयुष्यभराच्या अनुभवालाही खरे-खोटे कळणे कठीण. सोडत काढली नसती तर पुढची वीस वर्षे गाड्यांवर यंत्रे चढत राहिली असती आणि सगळ्यांना पुण्य केल्याचे समाधान मिळत राहिले असते. न विचारता प्रयोग करण्यात पाप असेल, तर न तपासता उपचार करणे हाही प्रयोगच. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

यंत्र टाकाऊ ठरले असे मात्र नाही. धावत्या गाडीत पट्टा न बांधता उभे राहून छाती दाबणारा सेवक वळणावर स्वतःच आपटतो. तिथे, किंवा जिथे हात नीट चालवताच येत नाहीत तिथे, ते वापरावे. सरसकट नको, असा आजचा जाणत्यांचा सल्ला आहे. मला यात गंमत वाटते. रोग्यासाठी घडवलेले यंत्र सेवकाचा जीव राखण्यासाठी उपयोगी पडावे!

हे सारे मी त्या मुलाला पुढच्या शनिवारी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, तुमचे बाबा असते तर?"

माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली. ते हृदयानेच गेले, ओसरीवर, आणि आम्हाला छाती दाबता येत नव्हती. त्या दिवशी दारात गाडी आली असती आणि तिच्यात ते यंत्र असूनही सेवक नुसत्या हातांनी दाबीत राहिला असता, तर हे सगळे आकडे पाठ असूनही मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. मुलाला मी तसेच सांगितले.