गटामागचे कपाट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळीने काम करणाऱ्या माणसाला वाचनालयाची वेळ सहसा जुळत नाही. सकाळी वाचनालय उघडते तेव्हा रात्रपाळीचा माणूस नुकताच आडवा झालेला असतो. संध्याकाळी पुन्हा उघडते तेव्हा दुसऱ्या पाळीचा भट्टीपुढे उभा असतो. पहिल्या पाळीचा वेळेत सुटतो खरा, पण महामार्गाची गर्दी आणि पंचगंगेचा पूल ओलांडून शहरात पुस्तक बदलायला जायचे, तर घरी पोचायला रात्र होते. माझ्या ओळखीच्या काही वाचणाऱ्यांनी म्हणूनच आपली बैठक फोनवर मांडली आहे. पाळी सुटली की तिथे कुणी वाचलेल्या पानाचा फोटो टाकतो, कुणी चित्राचा, कुणी चार ओळी लिहितो. अशा गटांविषयी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तिथे होते ते खरे वाचन आहे, त्याला हलके लेखू नये. आणि त्यांच्यामागे पुस्तकांचे कपाट उभे राहिले नाही, तर ते फार काळ तग धरणार नाहीत.

पहिल्या मुद्द्यासाठी एकच प्रसंग सांगतो. कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या एका मुलाने आनंद यादवांचे ‘झोंबी’ वाचायला घेतले. 1987 साली आलेले हे पुस्तक कागलचे, म्हणजे त्याच्या घरापासून फार लांबचे नव्हे. मध्यरात्रीनंतर त्याने एका पानाचा फोटो टाकला. पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा होता. खाली लिहिले होते, ‘असला बाप असू नये. पोराची शाळा तोडतो म्हणजे काय?’ पहाटे एका वयस्कर मोल्डरने उत्तर दिले, ‘बापावर चिडायच्या आधी त्याच्या घरात खाणारी तोंडं किती ते मोज.’ दुपारी तिसऱ्याने लिहिले, ‘माझा बाप असाच होता. त्याची अडचण मला कळते, तरी मी त्याला माफ केलेलं नाही.’ पाळ्या बदलत गेल्या तशी उत्तरे येत गेली.

फोनवरच्या वाचनप्रेमाला नावे ठेवणारे लोक सकाळच्या सुविचारांकडे आणि कुठून कुठून ढकलल्या जाणाऱ्या मजकुराकडे बोट दाखवतात. तो कचरा आहेच. पण या प्रसंगात तिघांनी आपले आयुष्य पुस्तकाशेजारी ठेवून पाहिले आणि एकमेकांचे म्हणणे खोडून काढले. वाचनाची आवड वाटून घेणे याहून वेगळे काय असते? पुस्तकाचे कौतुक एकट्यालाही करता येते. त्याच्याशी भांडताना मात्र समोर कुणीतरी लागते, आणि ते माणूस या गटात सापडते. शिवाय सभागृहातल्या चर्चेला सगळ्यांनी एकाच वेळी हजर असावे लागते. इथे चर्चा माणसाची पाळी सुटेपर्यंत थांबते.

मराठीत हे नवे नाही. 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर जगभर विखुरलेली मराठी माणसे पुस्तकांवर बोलू लागली, कारण त्यांच्या आसपास मराठी वाचनालय नव्हते. त्यांच्या आड समुद्र होता, शिरोलीच्या कामगाराच्या आड घड्याळ आहे. दोघांचीही गरज तीच.

औद्योगिक वसाहत उभी राहिली तीच मुळी वस्तीपासून बाजूला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भूखंड, रस्ते, पाणी, वीज यांची आखणी झाली आणि राज्यभर कारखानदारी पसरली. त्याआधीचे मुंबईचे गिरणगाव वेगळे होते. तिथे गिरणी, चाळ, युनियनची कचेरी आणि कलापथक चालत जाण्याच्या अंतरावर होते. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे त्या दाटीत घडले. शिरोलीतला कामगार पाळी सुटली की आजूबाजूच्या गावांत पांगतो, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला भाड्याच्या खोलीवर जातो. वसाहतीने कामाची जागा दिली. काम सुटल्यावर बोलत बसायची जागा आखली नाही. ती उणीव आज फोन भरून काढतो आहे.

कलेच्या बाबतीत तर या लोकांकडे आपल्याला देण्यासारखे पुष्कळ आहे. पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, बनवणाऱ्या कारागिराचे काम पाहावे. बिडाचा भाग निवताना सुमारे एक टक्का आकसतो, म्हणून तो पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो. वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार देतो. जिथे पोकळी हवी तिथे कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, बसेल अशी सोय करतो. दिवसभर तो वस्तूचा उलटा आकार डोळ्यांपुढे धरून असतो. शहरात शिरताना कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला ताराराणींचा पुतळा लागतो. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला तो घोडा आपण शौर्य म्हणून पाहतो. पॅटर्न शॉपमधला माणूस त्याचा फोटो टाकून विचारतो, एवढा भार या दोन पायांनी पेलला कसा, आणि सांधा कुठे लपवला? त्या प्रश्नानंतर पुतळ्याकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

कोल्हापुरात यंत्र आणि कला यांच्यात भिंत नव्हतीच. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी 1929 साली याच शहरात ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था सुरू केली. हे सारे शिक्षण एकाने करायचे, दुसऱ्याने शेजारी उभे राहून पाहायचे, असे झाले. वाचनाचीही इथे जुनी सोय होती. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 सालची. आणि 1945 साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, 1967 साली आला. ग्रंथालय ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे ज्या मातीत पहिल्यांदा कायद्यात लिहिले गेले, तिथल्या वसाहतीतल्या वाचणाऱ्याने फोनवरच समाधान मानावे, हे मला पटत नाही.

कारण फोनच्या गटाला मर्यादा आहेत. गटात पुस्तकाची शिफारस झाली की दुसरा प्रश्न येतो, ‘पीडीएफ आहे का?’ विचारणाऱ्याला मी दोष देणार नाही; महिनाअखेरीला तीन-चारशे रुपयांचे पुस्तक घेणे सोपे नाही. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आतबाहेर असते. चोरून फिरणारी फाइल आधी त्या लेखकाच्या पोटावर येते, ज्याच्यावर हा गट जीव टाकतो. पुस्तक मिळाले नाही तर चर्चा हळूहळू त्याविषयी ऐकलेल्या गोष्टींवर येते, आणि गटात न वाचलेल्या पुस्तकांची नावे तेवढी फिरत राहतात. चित्राचेही तसेच. आबालाल रहमान यांच्या निसर्गचित्रांतला ओला उजेड बोटभर पडद्यावर पोचत नाही. त्यासाठी टाऊन हॉलच्या संग्रहालयातच जावे लागते. चंद्रकांत मांडरे यांनी आपल्या चित्रांसह राजारामपुरीतले घर लोकांना देऊन टाकले, ते लोकांनी तिथे यावे म्हणूनच.

म्हणून मागणी साधी आहे: वसाहतीत वाचनालय हवे, आणि ते पाळ्यांच्या वेळेला उघडे हवे. 1948च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन आणि दीडशेहून अधिक असतील तिथे विश्रांतीची खोली सांगितली. पुस्तकाचा विचार त्यात नव्हता. पण वाट अडलेली नाही. कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालय उभारणे स्पष्टपणे नोंदलेले आहे. कामगार कल्याण मंडळ कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालते, नाट्यस्पर्धा घेते, वाचनालये चालवते. शिरोलीच्या उद्योजकांची संघटना, ‘स्मॅक’, आयटीआय चालवू शकते, तर एका खोलीत पुस्तके ठेवणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्या कपाटात मराठीबरोबर हिंदीही हवी, आणि कोणती पुस्तके घ्यायची हे गटातल्या वाचकांनी ठरवावे. हिशेब ठेवायचे कामही त्यांनाच द्यावे. जे पहाटे एका बापाची बाजू लढवतात, ते पुस्तक परत आणून देतील, एवढा विश्वास टाकायला हरकत नसावी.

यातून कारखान्याला काय मिळेल, असे कुणी विचारील. उत्पादन वाढेल, अपघात घटतील, असली आश्वासने मला द्यायची नाहीत. निपाणीच्या महादेव मोरे यांनी टॅक्सी चालवली, पिठाची गिरणी चालवली आणि गॅरेजमधल्या, रस्त्यावरच्या माणसांना मराठी कथेत आणले. त्यांचे लिहिणे कुठल्याही मालकाच्या ताळेबंदात बसत नाही, तरी त्याने आपली भाषा रुंद झाली. शिरोलीच्या भट्ट्यांपुढे अजून कितीतरी न सांगितलेले जगणे उभे आहे. फोनने त्या माणसांना एकमेकांशी बोलते केले. पुढचे काम वसाहतीचे, तिच्या उद्योजकांचे आणि सरकारचे आहे.