क्रॉप्रेडीची भैरवी

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात क्रॉप्रेडी नावाचं एक लहानसं गाव आहे. कालव्याच्या काठी वसलेलं, १६४४ साली तिथल्या पुलाजवळ झालेल्या यादवी युद्धातल्या लढाईमुळे इतिहासात नोंद असलेलं. दर ऑगस्टमध्ये या गावालगतच्या शेतांत हजारो माणसं तंबू ठोकतात, तीन दिवस गाणं ऐकतात आणि शनिवारी रात्री, घरी परतण्याआधी, सगळी मिळून एक गाणं म्हणतात. 'मीट ऑन द लेज'. वर्षानुवर्षं शेवटचं गाणं हेच. भैरवी सुरू झाली की आपल्याकडचा श्रोता सावरून बसतो, कारण यानंतर काही नाही हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. क्रॉप्रेडीची भैरवी ही अशी आहे. आपल्याकडे भैरवीत कधी ठुमरी येते, कधी अभंग येतो, कधी नाट्यपद. तिथे शब्द आणि चाल दोन्ही ठरलेली, आणि माणसं त्यासाठीच थांबलेली.

एखाद्या गाण्यावर माणसं पन्नासहून अधिक वर्षं प्रेम करतात, तेव्हा नेमकं कशावर करतात, हा प्रश्न मला या गाण्यानं घातला.

गाणं लिहिलं रिचर्ड थॉम्पसननं. १९६८ साली. तो एकोणीस वर्षांचा होता. लंडनच्या उत्तर भागातल्या मुलांनी आदल्याच वर्षी एक बँड काढला होता. त्यांच्यातल्या सायमन निकोलच्या घरी तालमी चालायच्या आणि त्या घराचं नाव होतं फेअरपोर्ट. म्हणून बँड झाला 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'. सुरुवातीला ही मुलं अटलांटिकपलीकडची गाणी वाजवायची, बॉब डिलन, जोनी मिचेल. मग सँडी डेनी नावाची गायिका आली. तिच्या आवाजात धार आणि मार्दव अशी एकत्र होती की एकातून दुसरं वेगळं काढता येऊ नये. 'मीट ऑन द लेज' तिनं आणि इयन मॅथ्यूजनं गायलं. ज्यानं लिहिलं, तो गिटार घेऊन मागे उभा होता.

गाण्यात सांगितलंय एवढंच: आम्ही मित्र वर चढायला निघालो होतो, काही वाटेत पडले, काही दिसेनासे झाले, पण त्या कड्यावर आपण पुन्हा भेटू. चाल संथ आहे. कडवं एकट्या आवाजाचं, आणि ध्रुवपद असं की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीला सूर मिसळता यावा. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली आणि खपाच्या यादीत कुठेही आली नाही. पुढच्या वर्षी या बँडचं जे गाणं यादीत एकविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं, ते डिलनच्या एका गाण्याचं फ्रेंच रूप होतं, गंमत म्हणून केलेलं. त्यात ड्रमवाल्या मार्टिन लॅम्बलनं खुर्च्यांच्या ढिगावर ताल वाजवला होता. त्या गाण्यात अजूनही तो ताल ऐकू येतो आणि वाजवणाऱ्या मुलाचा आनंदही. हे मुद्दाम सांगतो, कारण मार्टिनबद्दल लोकांना बहुधा फक्त पुढची गोष्ट माहीत असते.

१२ मे १९६९. बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून बँडची व्हॅन रात्री लंडनकडे परतत होती. एम-वन महामार्गावर लंडन जवळ आलेलं असताना व्हॅन रस्ता सोडून उलटली. मार्टिन लॅम्बल गेला. वय एकोणीस. थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. ती कपडे शिवायची, त्या काळच्या अनेक गायक-वादकांचे कपडे तिनं केलेले. गायक जॅक ब्रूसनं त्याच वर्षी आलेल्या आपल्या तबकडीचं नाव तिच्या आठवणीत 'साँग्ज फॉर अ टेलर' असं ठेवलं. थॉम्पसन आणि इतर जखमी झाले.

गाणं आधीच लिहून झालेलं होतं. अपघाताच्या सहा महिने आधी ते दुकानात आलेलं होतं. मरण पाहिल्यावर शोकगीत लिहिणारे पुष्कळ असतात. इथे गीत आधी आलं आणि मरण मागून, तेही गाणाऱ्यांच्याच गाडीत. एकोणीस वर्षांच्या मुलाला मित्र हरवण्याची कल्पना कितीशी असणार? त्या वयात मित्र हरवतात म्हणजे दुसऱ्या शहरात जातात, लग्न करतात, भांडतात. थॉम्पसनला भविष्य दिसलं होतं वगैरे मी म्हणणार नाही. असलं बोलणं मला पटत नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर ते अन्याय करतं. मला वाटतं ते इतकंच की त्यानं एक मोकळी जागा असलेलं गाणं लिहिलं. कोण पडलं, कधी पडलं, कड्यावर काय आहे, हे त्यानं भरलं नाही. ते पुढच्या वर्षांनी भरलं.

अपघातानंतर बँड मोडायचा की ठेवायचा, असा प्रश्न होता. ठेवायचा ठरलं, पण जुनी गाणी घेऊन पुन्हा उभं राहणं त्यांना जमणारं नव्हतं. उन्हाळ्यात हॅम्पशायरमधल्या फार्ली चेंबरलेन इथे एका मोठ्या घरात ती सगळी एकत्र राहिली. फिडल वाजवणारा डेव्ह स्वारब्रिक आला, ड्रमवर डेव्ह मॅटॅक्स आला. आपल्याच मातीतली शेकडो वर्षांची लोकगीतं, खून-प्रेम-परी-सैनिकांच्या लांबलचक कथागीतांसह, त्यांनी विजेच्या गिटारींवर आणि ड्रमवर घेतली. डिसेंबर १९६९ मध्ये 'लीज अँड लीफ' आली. इंग्लिश फोक-रॉक म्हणून जो प्रकार आज ओळखला जातो, त्याची पायाभरणी या तबकडीनं केली. शोकातून सावरणारी विशी-बाविशीची मुलं होती ती. पणज्या-खापरपणज्यांची गाणी त्यांनी हाती धरली, कारण त्यांची स्वतःची गाणी त्या क्षणी त्यांना पेलत नव्हती. लोकगीताचा याहून खरा उपयोग मला माहीत नाही.

आता गिटारकडे येतो, कारण थॉम्पसनवरचं प्रेम मुळात त्याच्या हातांवरचं आहे. त्या काळी लंडनमध्ये हातात विजेची गिटार घेणारा जवळजवळ प्रत्येक तरुण अमेरिकी ब्लूजच्या मागे होता. एरिक क्लॅप्टनची मोहिनी सगळ्यांवर. थॉम्पसन त्या वाटेनं गेला नाही. त्याचे वडील मूळचे स्कॉटलंडचे, लंडनच्या पोलीस दलात नोकरीला, हौशी गिटारवादक. घरात जँगो राइनहार्ट आणि लेस पॉल यांच्या रेकॉर्डी होत्या, तशाच जिमी शँड या स्कॉटिश अकॉर्डियनवादकाच्याही. मुलाच्या कानात बॅगपाइपचा अखंड आधारस्वर आणि फिडलची वळणं लहानपणीच बसली. त्याच्या गिटारीत तेच येतं: खाली एक सूर धरून ठेवलेला, आणि वर ताणलेली तार एखाद्या हाकेसारखी कापत जाते. अंगठा आणि तर्जनीत पिक धरून तो खर्जाच्या तारा छेडतो आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारा. डोळे मिटून ऐकलं तर दोन वादक वाटावेत. 'अ सेलर्स लाइफ' हे त्यांचं अकरा मिनिटांचं गाणं ऐका. त्यात त्याची गिटार आणि स्वारब्रिकचं फिडल एकमेकांना जे उचलत नेतात, ते एका दमात ध्वनिमुद्रित झालं आहे आणि तसं पुन्हा जुळवून आणता येणार नाही.

पण 'मीट ऑन द लेज'मध्ये हा वादक स्वतःला आवरतो. एवढा हात असलेल्या मुलाला त्या वयात हा संयम कुठून आला असेल? गाणाऱ्यांच्या ओळींच्या मधल्या जागेत तो बोलतो आणि ओळ सुरू झाली की मागे सरतो. चाहते या गाण्याबरोबर गिटारवाल्याचंही नाव घेतात ते यासाठी, असं मला वाटतं. कसब दाखवायला बाकीची गाणी होती. इथे त्यानं गाणं इतरांच्या गळ्यात दिलं, आणि म्हणूनच पुढे ते हजारोंच्या गळ्यात जाऊ शकलं.

१९७१ च्या जानेवारीत थॉम्पसननं बँड सोडला. एकविसाव्या वर्षी. पुढे पत्नी लिंडाबरोबर, मग एकट्यानं, त्यानं शेकडो गाणी केली. त्यातलं १९९१ चं मोटारसायकलवरचं गाणं तर त्याच्या चाहत्यांचं दुसरं दैवत आहे. तो सूफी झाला, अमेरिकेत राहायला गेला, काळी बेरे टोपी त्याची ओळख बनली. १९९९ मध्ये एका अमेरिकी मासिकानं हजार वर्षांतली उत्तम गाणी विचारली, तेव्हा त्यानं प्रश्न शब्दशः घेतला आणि अनेक शतकं मागे जाऊन यादी केली. मासिकानं ती छापली नाही. त्यानं मग तिचाच कार्यक्रम केला, तेराव्या शतकातल्या इंग्रजी गाण्यापासून ब्रिटनी स्पिअर्सपर्यंत, आणि सगळ्यांना सारख्याच आदरानं गायलं. ज्याला गाणं इतक्या लांबून येताना दिसतं, त्याला स्वतःचं गाणं दुसऱ्यांच्या हवाली करताना त्रास होत नसावा.

चाहत्यांचं प्रेम कलावंताला अडकवूनही ठेवतं, हे आपण पाहतो. नवं काही ऐकायचंच नाही, तेच एक म्हण, असा आग्रह चालतो आणि गायक कंटाळून जातो. या गाण्याच्या लोकांनी थॉम्पसनला तसं धरून ठेवलं नाही. त्यांनी त्याला जाऊ दिलं आणि गाणं स्वतःकडे ठेवलं. तो पाहुणा म्हणून क्रॉप्रेडीला आला की आनंद. नाही आला तरी गाणं होतंच.

क्रॉप्रेडीचं हे दरवर्षीचं जमणं सुरू झालं ते निरोपातून. ४ ऑगस्ट १९७९ रोजी फेअरपोर्ट कन्व्हेन्शननं बँड बंद करायचा म्हणून क्रॉप्रेडीत शेवटचा कार्यक्रम केला. त्याच दिवशी आधी ते नेबवर्थच्या मोठ्या मैदानावर वाजवून आले होते, जिथे त्या रात्री लेड झेपेलिन हा रॉक बँड होता. इतक्या मोठ्या मैदानावरून निघून शेवटचा सूर त्यांनी आपल्या ओळखीच्या गावात लावला. पुढच्या वर्षी माणसं पुन्हा जमली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. शेवटी १९८५ मध्ये बँडही परत उभा राहिला. श्रोत्यांनी एखादा बंद पडलेला बँड असा जिवंत केल्याची उदाहरणं फार नाहीत.

दरम्यान माणसं जातच होती. सँडी डेनी १९७८ मध्ये एकतिसाव्या वर्षीच गेली होती, पहिल्या निरोपालाही ती नव्हती. २०१६ मध्ये डेव्ह स्वारब्रिक. २०२० मध्ये पहिली गायिका जूडी डायबल. त्या उन्हाळ्यात महासाथीमुळे जत्राच भरली नाही, पुढच्याही वर्षी नाही. २०२२ मध्ये माणसं शेतात पुन्हा उभी राहिली तेव्हा मधल्या दोन वर्षांत ज्याचं त्याचं काय काय गेलं होतं ते घेऊनच आली होती. श्रोत्यांचीही माणसं गेलेली असतात: पूर्वी जोडीनं येणारा आता एकटा येतो, बापाच्या खांद्यावर बसून आलेली मुलगी स्वतःच्या मुलाला घेऊन येते. ध्रुवपद म्हणताना प्रत्येकाच्या मनातला माणूस वेगळा. अनेक घरांत अंत्यविधीलाही हेच गाणं लावतात. शोकाच्या वेळी काय म्हणावं हे ज्यांना धर्मानं सांगितलेलं नाही किंवा सांगितलेलं पुरत नाही, त्यांना या एकोणीस वर्षांच्या मुलानं काहीतरी म्हणायला दिलं.

ते गाणं वाङ्मय म्हणून थोर आहे का? थॉम्पसनच्या नंतरच्या गीतांपुढे शब्द कोवळे आहेत, थोडे धूसरही. पण मला वाटतं, पक्क्या हातानं ते लिहिलं असतं तर त्यात इतक्यांना जागा झाली नसती. थॉम्पसननं नंतर खूप चांगली गीतं लिहिली. ती ऐकून आपण त्याला दाद देतो. हे एक गाणं आपण ऐकत नाही, म्हणतो. माझ्या मते त्याच्या साऱ्या कामात टिकेल ते हेच, आणि ते सर्वोत्तम नसूनही टिकेल.

ज्यांनी हे गाणं कधी ऐकलं नाही त्यांनी आधी १९६८ चं मूळ ध्वनिमुद्रण ऐकावं, सँडी आणि इयनच्या आवाजातलं. मग क्रॉप्रेडीच्या एखाद्या शनिवार रात्रीचं. दुसऱ्यात गिटार नीट ऐकू येणार नाही, गर्दीचा आवाज तिच्यावरून जातो. तरी तेही पूर्ण ऐका.