झाडूचा मान

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे पारनेर तालुक्याचे स्वरूप झपाट्याने पालटत असताना, आणि ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायतीचा अंमल येऊन पारनेर गाव शहराच्या वाटेला लागले असताना, 12 नोव्हेंबर 1880 रोजी याच गावी जन्मलेल्या पांडुरंग महादेव बापटांचे स्मरण मला अगत्याचे वाटते. विलायतेत उच्च शिक्षणासाठी गेलेला, बाँबची विद्या हस्तगत करून परतलेला हा क्रांतिकारक पुढे पारनेरच्या रस्त्यांवर स्वहस्ते झाडू मारू लागला. स्वच्छतेचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारणाऱ्या समाजात एका विद्वान ब्राह्मणाने ते उघडपणे अंगीकारणे, हे मला बाँबइतकेच धाडसाचे कृत्य वाटते. 1920 साली मुंबईच्या झाडूवाल्यांच्या संपातही ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले; मुळशीच्या सत्याग्रहाने त्यांना ‘सेनापती’ केले, ते त्यानंतर.

आज पुण्यात आणि मुंबईत हमरस्त्यांना त्यांचे नाव आहे. परंतु पहाटे असे रस्ते झाडणारी माणसे अनेक ठिकाणी ठेकेदाराच्या हजेरीपटावर, हातमोज्यांवाचून, पगाराची वाट पाहत राबतात; आणि आपण ओला व सुका कचरा एकाच पिशवीत बांधून, फुटक्या काचेसह, त्यांच्या हाती देतो. शहराच्या अंदाजपत्रकात चौकाच्या सुशोभनाची तजवीज होण्यापूर्वी त्यांच्या वेतनाची व्हावी, आणि आज सकाळी घरातली फुटकी काच वेगळ्या कागदात गुंडाळून द्यावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.