खुंटाखालची वस्ती

मंठा हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा तालुका. फळबाग म्हटलं की इथे आधी मोसंबी आठवते. द्राक्षाचा विषय निघाला तर बोट जालना तालुक्यातल्या कडवंचीकडे जातं. तिथे नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं, मागोमाग शेततळी आली आणि द्राक्षाचे मांडव उभे राहिले. तरीही द्राक्षवेलीच्या मुळाशी काय चालतं हे समजून घ्यायचं तर मंठ्याचा मोसंबीवाला निम्म्या वाटेवर आधीच उभा आहे. कलमाचा जोड मातीत गाडायचा नाही, खोडाला पाणी लागू द्यायचं नाही, रोप घेताना खुंट रंगपूरचा की जंबेरीचा हे विचारायचं, ही पथ्यं त्याला कुणी शिकवावी लागत नाहीत.

या पथ्यांमागे एकच जीव आहे, फायटोफ्थोरा. ओल साचली की त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत सालीपर्यंत पोचतात, साल कुजते, डिंक ओघळतो. आपण त्याला डिंक्या म्हणतो. मोसंबीची साल त्याला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबाची तेवढी नाही. खुंट निवडताना आपण एक झाड निवडतोय असं वाटतं. प्रत्यक्षात मातीतल्या एका सूक्ष्मजीवाशी कसं नांदायचं, ते ठरवत असतो. द्राक्षावरची डावणी याच फायटोफ्थोराच्या कुळातली. एक पानावर येते, दुसरा बुंध्याशी.

द्राक्षाला खुंट मिळाला तो मात्र एका किडीमुळे. 1860 च्या दशकात फ्रान्सच्या बागा वाळू लागल्या. 1868 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लान्शाँ आणि त्याच्या सोबत्यांना मुळांवर अमेरिकेतून आलेली माव्यासारखी कीड सापडली, फायलोक्झेरा. उपायही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानटी वेलींची मुळं ही कीड सोसत होती, म्हणून त्यांच्यावर युरोपची द्राक्षं बांधली गेली. महाराष्ट्राला या किडीची भीती नव्हती. आपल्याकडे थॉम्पसन काय आणि तास-ए-गणेश काय, काडी लावली की स्वतःच्याच मुळांवर बाग उभी राहत होती. पण पाणी आटत गेलं, विहिरीच्या पाण्यात क्षार चढले, आणि नव्वदच्या दशकापासून डॉगरिज खुंट घरोघर पोचला. हा टेक्सासकडचा रानवेल. उन्हाळ्याच्या तोंडावर खुंट लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम करायचं, हे वेळापत्रक आता बागायतदाराला पाठ आहे. पाय टेक्सासचे आणि वरचा वेल पश्चिम आशियातून आलेल्या वंशाचा, असा हा जोडजीव मराठवाड्याच्या मातीत उभा राहतो.

माझ्या मते इथेच हिशेब अपुरा राहतो. खुंट एक, वरची जात दुसरी, एवढ्यावर आपण थांबतो. तिसरा भागीदार कुणी मोजत नाही.

मुळांभोवतीच्या मातीचा पातळ थर बाकीच्या मातीहून वेगळा असतो, हे जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनरने 1904 मध्येच मांडलं होतं. पानांनी बनवलेल्या साखरेतला काही वाटा वेल मुळांवाटे मातीत सोडतो. त्यात साखर, आम्लं आणि इतरही बरंच काही असतं. त्यावर जिवाणू आणि बुरशा जमतात; काही स्फुरद मोकळं करतात, काही रोगकारकांना जागा मिळू देत नाहीत, काही फुकटे असतात आणि काही घातकी. जो खुंट जे पाझरवतो, त्यावर त्याच्या दारात कोण जमणार ते ठरतं. इटली आणि स्पेनमधल्या बागांत एकाच मातीत, एकाच जातीखाली वेगवेगळे खुंट तपासले, तेव्हा मुळांजवळचे जिवाणू समूह वेगळे निघाले. अर्थात मातीचा आणि जागेचा प्रभाव बहुधा खुंटाहून मोठा ठरतो. पण खुंट गौण म्हणून सोडता येत नाही. शिवाय मुळांना साखर वरून मिळते, म्हणजे वरच्या जातीचाही त्यात हात आहे. खालची वस्ती एकट्या खुंटाची नसते, ती त्या जोडीची असते.

ही वस्ती खालीच राहते असंही नाही. अमेरिकेत लाँग आयलंडच्या मर्लो बागांवरचा एक अभ्यास 2015 मध्ये आला. पानं, फुलं आणि घडांवरचे बरेचसे जिवाणू तिथल्या मातीतही सापडले. घडाच्या अंगावर जे राहतं, त्याचं मूळ गाव बऱ्याचदा बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा वरंबा असतो. (मण्यावरची ती पांढरट धूसर लव मात्र ना औषध असते ना यीस्ट. ते वेलीचंच मेण आहे, घासून काढू नये.)

आता आपण या वस्तीशी वागतो कसे ते पाहू. फ्रान्सच्या मिलार्देने 1885 मध्ये मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण डावणीवर जाहीर केलं, आणि आजही ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की हात तिकडेच जातो. त्यात गैर काही नाही, बाग वाचवायची असते. पण तांबं कुजत नाही, विरत नाही, पानावरून उतरून मातीत साठतं. युरोपीय संघाने म्हणूनच हेक्टरी सात वर्षांत 28 किलोची मर्यादा घातली. आपल्याकडे मात्र मोरचूद मारलेल्या पंपातच पुढच्या आठवड्यात स्यूडोमोनास हा उपयोगी जिवाणू भरला जातो आणि गुण आला नाही की दुकानदाराला दोष दिला जातो.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने बॅसिलस सबटिलिसवर चांगलं काम केलंय. काही वाण भुरी आवरतात, वर कार्बेन्डाझिमचा अंश मोडायलाही मदत करतात. माझा राग या जैविक औषधांच्या पुड्यांवर नाही, त्यांच्याकडून धरलेल्या अपेक्षेवर आहे. हिशेब करून बघा. ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीच्या पुडीत ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत असा नियम आहे. एकरी दोन किलो टाकलं तर झाले 400 कोटी. एकरभराची वरची वीतभर माती भरते साधारण नऊ लाख किलो, म्हणजे 90 कोटी ग्रॅम. ग्रॅममागे चार-पाच पाहुणे, आणि तिथे आधीपासून राहणारे जिवाणू कोट्यवधी! ठिबकवाटे मुळाशी सोडलं तर प्रमाण सुधारतं, पण पाहुण्याला खायला काय आहे हा प्रश्न उरतोच. म्हणून शेणखतात मुरवून, वाढवून मग टाकायला सांगतात. ती शिफारस पुडीहून मोलाची आहे, आणि वगळली जाते तीच. छाटणीच्या काड्या बांधावर पेटवायच्या आणि दुकानातून कर्ब विकत आणायचा, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

मृदा आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून 12 घटक असतात. जिवंत घटक एकही नाही. तांबं आहे, पण ते कमी पडलंय का हे बघण्यासाठी, आणि जुन्या द्राक्षबागेचा प्रश्न बरोबर उलटा असतो. तेव्हा या वर्षी माती तपासायला द्याल तेव्हा दोन नमुने द्या, एक बोदातला आणि एक कधीच फवारणी न झालेल्या बांधाचा, आणि अहवाल हातात आला की आधी कर्ब आणि तांबं यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा.