परतीचं पाणी

"घरात संप बसवणार आहे," असं मी जाहीर केलं तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही संपावर गेला नाहीत, आणि आता?" हा संप वेगळा, हे पटवण्यात अर्धा तास गेला. माशांच्या मोठ्या टाकीखाली एक छोटी टाकी ठेवायची. वरचं पाणी ओसंडून तिच्यात उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. या खालच्या टाकीचं नाव संप.

खाली उतरणं फुकट असतं; चढण्याला मात्र फुटाफुटाचं भाडं पडतं. पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर छापलेलं असतं, पण तो आकडा पाणी मुळीच चढवायचं नसेल तेव्हाचा. स्थळाच्या माहितीतल्या पगारासारखा! चार फूट चढ, दोन-तीन एल्बो आणि अर्ध्या इंचाची नळी, की त्यातलं बरंच वाटेतच जिरलं म्हणून समजा. नळी एक इंची केली तर तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण जवळजवळ ३२ पटींनी घटतं. मी एक इंची घातली. उतरणारी नळी तिच्याहून मोठी हवी, नाहीतर वरची टाकी भरून वाहते. ती दीड इंची घातली. इथवर मी अगदी इंजिनिअर होतो.

चुकलो ते पुढे. संप थोडा रिकामा ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण रिकामा डबा मध्यमवर्गीय माणसाला बघवतो का? मी काठोकाठ भरला.

रात्री दोनला लाईट गेली. पंप थांबला आणि परतीची नळी सायफन होऊन उलटी वाहू लागली. तिचं तोंड पाण्याखाली ५ सेंटीमीटर होतं. टाकी १२० बाय ४५ सेंटीमीटरची. म्हणजे २७ लिटर पाणी खाली आलं. नळीला पाण्याच्या पातळीखाली सेंटीमीटरभर एक भोक पाडलं असतं, तर हवा शिरून पाच-सहा लिटरवर भागलं असतं. भोक नव्हतं, संपात जागा नव्हती. पाणी हॉलमध्ये आलं आणि तिथून खालच्या काकांच्या छतात उतरलं.

सकाळी काका अर्ज घेऊन हजर. "स्लॅब गळतोय हो, पावसाचं पाणी असणार. सोसायटीला देतोय, सही करा."

आता लाईट काही मी घालवली नव्हती. सायफनचा नियमही माझा नव्हे. पण वर होतं तोवर 'आमची टाकी', आणि खाली गेल्यावर 'पाऊस'? शिवाय सही केली की खर्च चोवीस बिऱ्हाडांत वाटला जाणार. हिशेब इतका सोयीचा, की मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

मग म्हणालो, "काका, ते पाणी आमचं आहे."

काकांनी अर्जाची घडी घातली. "मला वाटलंच. पावसाला माशांचा वास कधीपासून यायला लागला?"

"मग हा अर्ज कशाला आणलात?"

"तुमची सही बघायची होती."